आधी पाय, मग हात

शनिवारी सकाळी सात वाजता शहाणी माणसं झोपलेली असतात. मी मात्र शार्लटमधल्या एका पार्कात, दवाने बूट भिजवत, प्लास्टिकच्या थाळ्या झाडांवर आपटत असतो. 'आपटत' हा शब्द विचारपूर्वक वापरलाय. थाळीने जायचं असतं दोन पाइनच्या मधून, पण ती जाते पाइनच्या खोडावर आणि 'टॉक्' असा जो आवाज येतो तो अख्ख्या पार्काला ऐकू जातो. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "इंजिनियर होऊन अमेरिकेत गेलास ते ताटल्या फेकायला का रे?"

मुद्दा बिनतोड होता. पण आता नाद लागलाय त्याला काय करणार!

तर मंडळी, या खेळाचं नाव डिस्क गोल्फ. नियम गोल्फचेच. फक्त काठी-चेंडूऐवजी फ्रिस्बीची जड, धारदार कडेची चुलतबहीण, आणि जमिनीतल्या भोकाऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली. डिस्क पडेल तिथून पुढची फेक, आणि कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. बहुतेक कोर्स सार्वजनिक पार्कात आणि फुकट. (आता कळलं ना मी का खेळतो ते?) पहिला कायमस्वरूपी कोर्स १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात झाला, तो एड हेड्रिक नावाच्या माणसाने उभा केला. हे गृहस्थ आधी फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत होते. २००२ साली ते वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून त्याच्या डिस्क बनवल्या गेल्या. नाद असावा तर असा!

असो. आज लिहायचंय ते माझ्या बॅकहँडबद्दल. खरं म्हणजे, दीड वर्षं मी तो चुकीच्या पद्धतीने सुधारत होतो त्याबद्दल.

माझी फेक २२० फुटांवर अडली होती. म्हणजे साधारण ६७ मीटर. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर लाँग-ऑनला झेल. बरोबर खेळणारी कॉलेजची पोरं आरामात ३५० फूट फेकतात. आता अशा वेळी एक कमावता, अविवाहित आयटी इंजिनियर काय करतो? खरेदी! मी सगळ्यात वेगवान ड्रायव्हर विकत घेतला.

डिस्कवर बहुतेक वेळा चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीला वळणं आणि शेवटी वळणं. माझ्या डिस्कवरचा पहिला आकडा होता १२. मला वाटलं १२ म्हणजे ती वेगात जाते. तर तसं नसतं हो! १२ म्हणजे ती नीट उडायला तेवढा वेग तुम्ही द्यावा लागतो. तो नाही मिळाला तर ती हवेत चढल्यासारखं करते आणि लगेच डावीकडे गळून पडते. सायकल चालवणाऱ्याने ट्रकचं इंजिन विकत घेण्यासारखं आहे हे. आमची सायकल आणखी हळू झाली.

मग दुसरा उपाय: जोर. आपल्याकडे दहावीपासून एकच उपाय शिकवलाय ना, मार्क कमी पडले की तास वाढवा. मी एकेका शनिवारी शंभर-शंभर फेकी मारायला लागलो, आणि प्रत्येक फेक जीव खाऊन. दोन महिन्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला कळ यायला लागली. आधी फेकताना, मग माउस धरताना, आणि शेवटी कुकरचं झाकण उघडताना. फिजिओथेरपिस्टने सहा आठवडे फेकणं बंद करायला लावलं आणि जाताना विचारलं, "हाताने फेकतोस का सगळं?" मी मनात म्हटलं, मग काय पायाने फेकू?

आता मला वाटतं, हो. पायानेच फेकायचं असतं.

सक्तीच्या सुट्टीतही मी पार्कात जायचो, नुसता बघायला. तिथे एक आजोबा येतात, वय सत्तरीच्या आसपास, गुडघ्याला पट्टा. हे गृहस्थ जागच्या जागी उभे राहून २६०-२७० फूट फेकतात. बघताना असं वाटतं की यांनी काही केलंच नाही. मी त्यांना माझ्या जुन्या फेकीचा स्लो-मोशन व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो एके ठिकाणी थांबवला आणि म्हणाले, "हे बघ. तुझा पाय अजून हवेत आहे आणि हात निघालासुद्धा."

आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत ही चक्क रेस कंडिशन. पहिलं काम संपायच्या आत दुसरं सुरू, मग उत्तर कधी बरोबर येतं, कधी चूक, आणि का ते कोणालाच कळत नाही. माझ्या फेकींचं तंतोतंत वर्णन!

थोडं समजावून सांगतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचंच बोलू, नाहीतर डाव्या-उजव्याचा गोंधळ होईल. उजवा खांदा टोपलीकडे. तीन पावलं: उजवं, मग डावं त्याच्या मागून, मग पुन्हा उजवं. पायांची फुली होते म्हणून याला एक्स-स्टेप म्हणतात. हे चालू असताना अंग मागे वळतं आणि डिस्क मागे जाते. खरी गोम आता येते. डिस्क सगळ्यात मागे पोचायला हवी ती शेवटचं पाऊल टेकण्याच्या क्षणी. पाऊल टेकलं, अंगाचा भार त्यावर आला, पाय ताठ झाला, की मग कंबर वळते. कंबरेपाठोपाठ खांदा, मग कोपर, मग पंजा, आणि शेवटी डिस्क. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्याही आत. पण क्रम ठरलेला.

माझा हात पाय टेकायच्या आतच निघायचा. त्यामुळे पाय आणि कंबर यांची मेहनत हातापर्यंत पोचायचीच नाही आणि सगळा भार एकट्या कोपरावर. शिवाय हात आधी ओढला की दंड छातीला चिकटतो, आणि डिस्क छातीसमोरून सरळ रेषेत न येता अंगाभोवती वळसा घालून येते. या रोगाचं नाव राउंडिंग. वळशावरून सुटणारी डिस्क एक क्षण आधी सुटली तर डावीकडच्या झाडाला, एक क्षण उशिरा सुटली तर उजवीकडच्या. दोन्ही बाजूंच्या झाडांशी माझे घरोब्याचे संबंध का होते ते आत्ता कळलं :)

हे डोक्यात शिरलं, पण अंगात उतरलं ते आईमुळे. उन्हाळ्यात आईबाबा तीन महिने आले होते. ड्रायर असताना आई चादरी हाताने पिळून बाल्कनीत झटकायची (त्यावरून अपार्टमेंटवाल्यांचं एक प्रेमपत्रही आलं). एकदा चहा पिता पिता मी बघत होतो. चादर 'फट्' वाजते ती हात जोरात गेल्यामुळे नाही, हात थांबल्यामुळे! हात थांबतो आणि त्याचा सगळा वेग चादरीच्या टोकाला जातो. पुढचा पाय नेमकं हेच काम करतो. तो थांबतो म्हणून कंबर सुटते, कंबर थांबते म्हणून खांदा सुटतो. क्रिकेटवाल्यांना हे आधीच माहीत असायला हवं. बुमराचा रनअप बघा, किती छोटा! पण पुढचा पाय काठीसारखा ताठ पडतो आणि सगळा वेग वर हाताकडे जातो.

तर आता माझं मत, थेट. जो २५० फुटांच्या आत अडकलाय त्याने जोर वाढवणं, रनअप वाढवणं आणि नवीन ड्रायव्हर घेणं, तिन्ही बंद करावं. त्याच्याकडे जोर कमी नाहीये. आहे तोच वाटेत सांडतोय. गळक्या पायपात पाण्याचा दाब वाढवला तर काय होतं ते आमच्या सोसायटीच्या कुठल्याही जुन्या बिल्डिंगमध्ये बघून यावं.

सहा आठवड्यांनी मी पुन्हा सुरुवात केली ती एका रिकाम्या मैदानावर. टोपली नाही, झाडं नाहीत, स्कोअर नाही. महिनाभर एकही पाऊल न टाकता, उभ्या उभ्या फेकी. डिस्क हळू जातीच्या, म्हणजे पटर आणि मिडरेंज. या डिस्क चुगलखोर असतात. सोडताना मनगट हललं की लगेच डगमगून दाखवतात. जोर साठ टक्के. मोबाईल बुटाला टेकवून प्रत्येक दहा फेकींचा व्हिडिओ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका दिवशी एकच गोष्ट. एका शनिवारी फक्त 'पाय टेकेपर्यंत हात हलवायचा नाही'. पुढच्या शनिवारी फक्त 'डिस्क छातीसमोरून सरळ'. त्याच्या पुढच्या शनिवारी फक्त मनगट. किटलीतून चहा ओतताना झुकतं तसं ते किंचित खाली ठेवायचं, म्हणजे डिस्कची पुढची कड वर राहत नाही. ती वर राहिली की डिस्क पतंगासारखी चढते आणि तिथेच दम सोडते. पाच ठिकाणी एकदम कोड बदललं तर बग कशामुळे गेला (किंवा आला) ते कळत नाही, हे आपण रोज ज्युनिअर लोकांना सांगतो. स्वतःच्या बाबतीत मात्र विसरतो.

फेक झाल्यावर पुढच्या पायाच्या टाचेवर गिरकी घ्यायची, हेही आजोबांनीच शिकवलं. पाय जमिनीत रुतवून अंग वळवलं तर पीळ गुडघ्याला बसतो. त्यांच्या पट्ट्याकडे बोट करून म्हणाले, "मला हे कोणी सांगितलं नव्हतं."

आता खरं बोलायचं तर पहिला महिना फार वाईट गेला. माझी फेक २२० वरून १८० वर आली. बरोबरची पोरं "काय झालं?" म्हणून विचारायची. सुधारण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट तंत्र नाहीये, ती ही आहे. आधी वाईट व्हावं लागतं, तेही चारचौघांत. जुनी चुकीची सवय निदान २२० फूट देत होती, नवीन बरोबर सवय १८० देते, आणि तरीही नवीनच धरून ठेवायची. बरेच जण इथेच मागे फिरतात. मीही दोनदा फिरलो. तिसऱ्यांदा कोपराने आठवण करून दिली, म्हणून टिकलो.

कोणी म्हणेल, ताकदीला काहीच किंमत नाही का? आहे ना. २०१६ साली डेव्हिड विगिन्स ज्युनिअरने नेवाडाच्या वाळवंटात, वाऱ्याची साथ घेऊन, ३३८ मीटर फेक केली. ती काही नुसत्या शांतपणाने होत नाही. लांब हात, लवचीक अंग, व्यायाम, सगळं लागतं. पण ते चारशे फुटांच्या पुढचे प्रश्न आहेत, आपले नाहीत. २०१२ साली पॉल मॅकबेथने त्याच्या सहा जागतिक विजेतेपदांपैकी पहिलं इथेच, आमच्या शार्लटमध्ये जिंकलं. त्याचे व्हिडिओ बघा. सुरुवातीची पावलं कशी, जेवणानंतर शतपावलीला निघाल्यासारखी! घाई आहे ती शेवटच्या क्षणात. आपण नेमकं उलटं करतो. पहिल्या पावलापासून घाई, आणि नेमक्या क्षणी हात रिकामा.

आता सहा महिने झाले. चांगल्या दिवशी २९० फूट जाते. स्कोअर फारसा सुधारला नाहीये, कारण जवळून टोपलीत टाकण्याची बोंब तशीच आहे (त्यावर पुन्हा कधीतरी). पण कोपर दुखत नाही, कुकर उघडता येतो, आणि वेगवान ड्रायव्हर कपाटात पडलाय. कधीतरी त्याच्या लायकीचा होईन. नाहीच झालो तर त्यावर वाटी ठेवता येईल.

परवा आईचा फोन आला होता. म्हणाली, "अजून लागते का रे झाडाला?"

म्हटलं, "लागते. पण हल्ली लांबच्या झाडाला लागते."