विश्लेषण : बीएस्सी नर्सिंगची फी वसूल कधी होते?

‘नर्सिंग कर, नोकरी पक्की’ हा सल्ला बारावीच्या निकालानंतर घरोघरी ऐकू येतो. तो खोटा नाही. पण नोकरी पक्की म्हणजे पगार पक्का, असे त्यातून गृहीत धरले जाते आणि कर्ज काढणाऱ्या घराचा हिशेब नेमका तिथेच चुकतो.

खर्च किती धरायचा?

अभ्यासक्रम चार वर्षांचा. राज्यात बीएस्सी नर्सिंगसाठी स्वतंत्र सीईटी आहे आणि प्रवेश कसा घेतला, यावर खर्चाचे सारे गणित फिरते. शासकीय महाविद्यालयाची फी बहुतेकांना झेपते, पण जागा मोजक्या. खासगी महाविद्यालयात केंद्रीय प्रवेश फेरीतून (कॅप) गेल्यास शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीचा मार्ग खुला राहतो. ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्क माफ करण्याचा सरकारी निर्णय जुलै २०२४ चा आहे. मात्र व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ही सवलत हातची जाते. ‘फेरीची वाट कशाला बघता, आजच सीट बुक करा’ म्हणणाऱ्या एजंटाचा फोन आला तर एवढे लक्षात ठेवावे.

सवलत न मिळणाऱ्या घराचा हिशेब मांडून पाहू. समजा वर्षाची फी ८० हजार. वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तके, प्रवास यांचे आणखी ६० हजार. चार वर्षांचे झाले ५ लाख ६० हजार. यातले ५ लाख १० टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे ठरवले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,३०० रुपये पडतो. शिक्षण सुरू असतानाचे व्याज मुद्दलात मिळाले की त्याहून जास्त.

मग कमाई किती?

इथे एकाच पदवीला तीन-चार वेगवेगळे भाव आहेत. ‘एम्स’च्या नॉर्सेट परीक्षेतून नर्सिंग ऑफिसर झाल्यास सुरुवातीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये. राज्य सरकारच्या नियमित अधिपरिचारिकेचे ३५,४००. महागाई आणि घरभाडे भत्ता त्यावर. पण राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी स्टाफ नर्सच्या जाहिरातींत मानधन अनेकदा २० हजारच असते. पदवी तीच, कामही तेच, फरक फक्त नियुक्तिपत्राचा.

छोट्या खासगी रुग्णालयात तर २० हजारही सुरुवातीला मिळतीलच असे नाही. १८ हजार धरले, तर हप्ता जाऊन उरतात ९,७००. त्यात पुण्या-मुंबईत कॉट बेसिसवर राहणे, डबा आणि रात्रपाळीची रिक्षा बसवून दाखवा. हाच हप्ता नियमित सरकारी नोकरीत मूळ वेतनाच्या पाव हिश्शाहून कमी पडतो.

न्यायालयाचे काय झाले?

खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पगाराबाबत समिती नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्राला सांगितले. त्या समितीने सुचवले ते स्पष्ट होते. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारइतका पगार, १०० ते २०० खाटांत त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांत २५ टक्के कमी आणि त्याखालच्या रुग्णालयातही किमान २० हजार. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून सुरुवात २० हजारांवर आणली. तिथल्या परिचारिका त्यासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या, हेही खरे. परिचारिकांचा तुटवडा आहे असे एकीकडे म्हणायचे आणि त्यांचा पगार मात्र गरजूंची रांग पाहून ठरवायचा, हे महाराष्ट्रानेही थांबवायला हवे. शिफारशींना १० वर्षे होत आली; आकडेही आता जुने झाले.

जीएनएम स्वस्त पडेल का?

तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा करूनही नोंदणीकृत परिचारिका होता येते. राज्याच्या अधिपरिचारिका पदावर दोघींचे सुरुवातीचे वेतन एकच. पदवीचा फायदा पुढे दिसतो. नॉर्सेटला पदवीधर थेट बसते, जीएनएमला ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. एमएस्सी करून शिकवायचे असेल तरी पदवी हवी. त्यामुळे हाती पैसा कमी आणि कमाईची घाई असेल, तर आधी जीएनएम आणि नंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी हा मार्ग कमीपणाचा मानू नये.

परदेशाचे आकडे मोठे दिसतात. पण जर्मनीसाठी आधी भाषा शिकावी लागते, आखातासाठी बहुधा दोन वर्षांचा अनुभव आणि परवाना परीक्षा. म्हणजे कमी पगाराची ती पहिली दोन वर्षे तिथेही टळत नाहीतच.

प्रवेशाआधी काय विचारावे?

इंजिनिअरिंग कॉलेजे निदान ‘पॅकेज’चे फ्लेक्स तरी लावतात. त्यातले निम्मे फुगवलेले असतात, हे त्यातून गेलेला माणूस म्हणून सांगतो. नर्सिंग कॉलेजे बहुतेकदा ‘१०० टक्के प्लेसमेंट’ एवढेच लिहितात, पगार लिहीत नाहीत. म्हणून गेल्या बॅचच्या दोन-तीन मुलींना गाठून पहिल्या महिन्याचा पगार विचारा. कॉलेजचे स्वतःचे रुग्णालय आहे का, तिथे रुग्ण खरोखर येतात का, हे एखाद्या दुपारी ओपीडीत बसून पाहा. प्रवेश आणि नोकरी, दोन्ही वेळी मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे राहणार आणि बॉण्ड किती वर्षांचा, हे लेखी घ्या.