आधी संमती, मग वाचकाच्या माहितीत भर

मराठी बातम्यांच्या संकेतस्थळांवर गोपनीयतेचे धोरण पानाच्या तळाशी दिलेले असते. ते वकिलाने लिहिलेले असते आणि संस्थेच्या मालकांनी मान्य केलेले असते. वाचकाची माहिती प्रत्यक्षात कुणाकडे जाणार, हे मात्र जाहिरात सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमधल्या काही ओळींवर ठरते. त्या ओळी बहुतेक वेळा एकटा तंत्रज्ञ लिहितो. ‘या महिन्यात जाहिरातीचे उत्पन्न वाढवा’ एवढाच निरोप त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. ही फाइल संपादकांनी आणि मालकांनी स्वतः बसून वाचावी, आणि वाचकाची संमती नसेल तर माहितीत भर पडणार नाही अशी तिची मूळ रचना असावी, एवढ्यासाठी हे स्फुट.

प्रीबिड हे नाव जाहिरात विभागातल्या लोकांना परिचयाचे आहे. अॅपनेक्सस कंपनीने २०१५ मध्ये हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पुढे आणले. २०१७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संघटना उभी राहिली. पानावरच्या रिकाम्या जागेचा लिलाव सर्व्हरवर करणारी त्याची आवृत्ती म्हणजे प्रीबिड सर्व्हर. वाचकाने पान उघडले की एक विनंती सर्व्हरकडे जाते. सर्व्हर तिच्या प्रती अनेक बोलीदारांना पाठवतो, ठरलेल्या मिलिसेकंदांत बोल्या गोळा करतो आणि निकाल परत देतो. लिलावाच्या वाटेवर ठरावीक टप्पे असतात आणि त्या टप्प्यांवर बाहेरची मॉड्यूल जोडता येतात. वाचकाच्या माहितीत भर घालणारे मॉड्यूल असेच एखाद्या टप्प्यावर बसते. कोणत्या प्रकाशकाच्या खात्याला ते चालू आहे, कोणत्या टप्प्यावर चालते आणि उत्तरासाठी किती वेळ थांबते, हे सारे त्या फाइलमध्ये लिहिलेले असते.

हे जरा जवळून पाहू. समजा, बीड जिल्ह्यातला एक वाचक फोनवर सोयाबीनच्या भावाची बातमी उघडतो. त्याच्या विनंतीत पानाचा पत्ता, फोनची जात, ब्राउझर, आयपी पत्ता, त्यावरून निघणारे ढोबळ ठिकाण आणि संकेतस्थळाने त्याला दिलेला कुकी क्रमांक असतो. मॉड्यूल यातला क्रमांक उचलते आणि माहिती विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला विचारते. वाचकाने लॉगिन केले असेल तर त्याच्या ईमेलचा हॅशही, म्हणजे ईमेलवरून गणिताने काढलेला क्रमांकही, सोबत जातो. उत्तरात दोन गोष्टी येतात: या माणसाला इतर संकेतस्थळांवर ओळखता येईल अशा ओळखखुणा, आणि तो कोणकोणत्या गटांत मोडतो त्याची यादी. ट्रॅक्टर घेण्याच्या विचारात, कर्जाच्या शोधात, घरात लहान मूल, असे ते गट. मॉड्यूल ही भर विनंतीत घालते आणि मग तिच्या प्रती निघतात. वाचकाने फक्त भाव पाहिलेला असतो.

या गटांची खोली किती असते, हे जगाला २०२३ मध्ये दिसले. ‘द मार्कअप’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने त्या वर्षी झँडर या जाहिरात मंचाची एक यादी उघड केली. तिच्यात साडेसहा लाखांच्या आसपास गट होते. गर्भचाचणीचे किट वारंवार विकत घेणाऱ्या बायकांचा गट होता, नैराश्याकडे झुकणाऱ्यांचाही होता. आजार, कर्ज, धर्म, राजकीय कल या सगळ्यांवर गट पाडलेले होते. मॉड्यूल जोडणाऱ्या प्रकाशकाला ही यादी सहसा दिसत नाही. त्याला दिसतो फक्त गटाचा क्रमांक. म्हणून पहिली मागणी माहिती विकणाऱ्या कंपनीकडे करावी. आमच्या वाचकांना तुम्ही कोणकोणते गट लावणार, त्यांची नावे द्या, आणि त्यातले कोणते बंद करता येतात ते सांगा. आरोग्य, जात, धर्म आणि कर्जबाजारीपणा यांवरचे गट कोणत्याही वृत्तसंस्थेने घेऊ नयेत. बोली त्यामुळे थोडी खाली आली तरी चालेल.

आता परवानगीचा मुद्दा. प्रीबिड सर्व्हरमध्ये प्रत्येक कृतीवर नियंत्रण ठेवण्याची सोय आहे. वाचकाच्या माहितीत भर घालणे ही त्यातली एक वेगळी कृती मानली आहे आणि ती मोकळी ठेवायची की अडवायची याचे नियम खात्यागणिक लिहिता येतात. ही व्यवस्था चांगली आहे. पण काहीच लिहिले नाही तर कृतीला मुभा आहे, असे सर्व्हर धरतो. युरोपातल्या वाचकाची विनंती आली तर संमतीचा संकेत वाचण्याची पद्धत त्यात आधीपासून बसवलेली आहे, कारण २५ मे २०१८ पासून तिथला कायदा ते करायला लावतो. बीडच्या विनंतीला युरोपची ती चाचणी लागू होत नाही. म्हणजे युरोपसाठी बांधलेला दरवाजा आपल्या वाचकासाठी उघडा राहतो. तो बंद करायचा तर प्रकाशकालाच नियम लिहावा लागतो: मूळ उत्तर ‘नाही’, आणि संमतीची नोंद हाती असेल तिथेच ‘हो’. काही मॉड्यूल स्वतःहून संमती तपासतात. ते गृहीत धरू नये. संमती न दिलेल्या वाचकाची विनंती चाचणीसाठी पाठवावी आणि बाहेर काय गेले ते नोंदवहीत स्वतः पाहावे.

वेळेची मर्यादा ही तर निव्वळ तांत्रिक बाब समजली जाते. मॉड्यूलने किती मिलिसेकंद थांबायचे, याचा आकडा तंत्रज्ञ लिहितो. तो मोठा ठेवला तर लिलाव रेंगाळतो आणि बोल्या बुडतात, म्हणून शहाणा तंत्रज्ञ तो लहान ठेवतो. इथवर ठीक आहे. पण माहिती विकणाऱ्या कंपनीचा सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियात असेल, तर मुंबईहून तिथे जाऊन परत यायलाच दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. मर्यादा पन्नासची असेल तर उत्तर कधीच वेळेत येणार नाही. सर्व्हर ते टाकून देईल आणि लिलाव भर न पडताच पार पडेल. प्रकाशकाच्या तक्त्यात हे ‘टाइमआउट’ म्हणून दिसेल आणि नुकसान फक्त उत्पन्नाचे झाले असे वाटेल. प्रश्न मात्र केव्हाच निघून गेलेला असतो. वाचकाचा क्रमांक, त्याचा आयपी पत्ता, कदाचित त्याने वाचलेल्या पानाचा दुवाही त्या कंपनीकडे पोचलेला असतो. प्रत्येक पानाला, प्रत्येक वाचकामागे, काहीही मोबदला न मिळता माहिती बाहेर जात राहते. आपल्या सर्व्हरवर मॉड्यूलच्या किती हाका वेळेत परत येतात, हे प्रत्येक संस्थेने मोजलेच पाहिजे. बहुसंख्य हाका वाया जात असतील तर एकतर जवळचा सर्व्हर मागावा, नाहीतर मॉड्यूल बंद करावे. तिसरा मार्ग नाही.

वेळ वाचवण्यासाठी आलेले उत्तर काही काळ साठवून ठेवण्याची सोयही अशा मॉड्यूलमध्ये असते. ती उपयोगाची आहे. मात्र वाचकाने आज संमती काढून घेतली आणि साठवलेले उत्तर उद्यापर्यंत जिवंत राहिले, तर उद्याच्या लिलावातही त्याला तेच गट चिकटतील. भारतीय कायद्यानुसार संमती जितक्या सहजपणे देता येते तितक्याच सहजपणे ती काढून घेता आली पाहिजे. साठवणीची मुदत ठरवताना हे ध्यानात ठेवावे आणि संमती मागे घेतल्याबरोबर साठवणही पुसली जाईल अशी जोडणी करावी.

भर घातलेली विनंती कुणाकुणाला जाते, हा या साऱ्यातला सर्वांत गंभीर प्रश्न आहे. लिलाव एक जण जिंकतो, पण विनंती सगळ्यांना मिळते. हरलेल्या बोलीदाराच्या हातातही ती असतेच. मोबाइलवाला या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२४ मध्ये कारवाई केली, तिचा गाभा हाच होता. आयोगाच्या आरोपानुसार ही कंपनी लिलाव न जिंकताही विनंत्यांतली माहिती साठवत होती. जानेवारी २०१८ ते जून २०२० या काळात तिने जाहिरातीचे ५० कोटींहून अधिक ओळख क्रमांक अचूक ठिकाणासह गोळा केले, असे आयोगाने म्हटले. भर घालणाऱ्या प्रकाशकाने हे प्रकरण मुळातून वाचावे. आपण विनंतीत जे काही वाढवतो ते प्रत्येक बोलीदाराच्या घरी राहू शकते. प्रीबिड सर्व्हरमध्ये कोणती ओळखखूण कोणत्या बोलीदाराला द्यायची याची परवानगी नावानिशी लिहिता येते आणि वाचकाविषयीची माहिती ठरावीक बोलीदारांपुरती राखता येते. हा तक्ता रिकामा सोडू नये. ज्यांच्याशी लेखी करार आहे आणि हरलेल्या लिलावातली माहिती ठेवणार नाही असे ज्यांनी लिहून दिले आहे, तेवढीच नावे त्यात असावीत.

‘आम्ही ईमेल पाठवत नाही, फक्त हॅश पाठवतो’ हे उत्तर या धंद्यात हमखास ऐकू येते. एकच ईमेल सगळीकडे एकाच पद्धतीने हॅश केला की सगळीकडे तोच क्रमांक निघतो. माणूस जोडण्यासाठी तेवढे पुरते, किंबहुना त्याच कामासाठी तो वापरला जातो. हॅश केल्याने माहिती अनामिक होत नाही, असे फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिले आहे.

आपल्याकडे मुलांचा प्रश्न आणखी निकडीचा आहे. दहावी-बारावीचे निकाल लागतात त्या दिवशी मराठी संकेतस्थळांवर वाचकांची झुंबड उडते, आणि त्यातले कितीतरी वाचक सोळा-सतरा वर्षांचे असतात. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक आहे. मुलांचा माग काढणे, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे याला कायद्याच्या नवव्या कलमाने मनाई केली आहे. मुलांविषयीच्या जबाबदाऱ्या मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. जाहिरातीच्या प्रमाणित विनंतीत मुलांसाठीची जी खूण आहे ती अमेरिकेच्या कायद्यावरून आलेली आहे, आणि तो कायदा तेरा वर्षांखालच्या मुलांपुरता आहे. म्हणजे त्या खुणेवर विसंबले तर आपला दहावीचा विद्यार्थी प्रौढांतच मोजला जाईल. निकाल, शिष्यवृत्ती, प्रवेश, अभ्यासक्रम, बालसाहित्य या विभागांच्या पानांवर मॉड्यूल सरसकट बंद असले पाहिजे. यात तांत्रिक अडचण नाही. विभागाचे नाव पानाच्या पत्त्यातच असते.

यावर प्रकाशकांचे म्हणणे असते ते खोटे नाही. सफारीने मार्च २०२० पासून तिसऱ्या पक्षाच्या कुकी पूर्णपणे अडवल्या. अॅपलने एप्रिल २०२१ पासून आयफोनवरच्या अॅपना माग काढण्याआधी परवानगी विचारायला लावली. अनोळखी वाचकासाठी लागणारी बोली कमी असते आणि छोट्या मराठी संस्थेचे महिन्याचे गणित त्यावरच चालते. पगार द्यायचे असतात, वार्ताहर टिकवायचे असतात. ही ओढाताण आम्हाला कळते. म्हणूनच सांगावेसे वाटते की भर दोन ठिकाणी घालता येते: वाचकाच्या रकान्यात किंवा पानाच्या रकान्यात. ओपनआरटीबी या मानकात दोन्हींना जागा आहे. पान शेतीचे आहे, त्यात सोयाबीनचा विषय आहे, मजकूर मराठीत आहे, जिल्हा बीड आहे, ही माहिती बियाणे किंवा अवजारे विकणाऱ्याला मोलाची आहे आणि ती सांगताना कुणाही माणसाची ओळख द्यावी लागत नाही. मराठी पानाचा विषय परदेशी यंत्राने ओळखण्यापेक्षा आपल्या उपसंपादकाने नेमून दिलेला अधिक अचूक असतो. ‘द न्यू यॉर्क टाइम्स’ने २०१८ मध्ये युरोपात वर्तनावर आधारित जाहिरातींची खुली विक्री थांबवली आणि त्यांचे तिथले जाहिरात उत्पन्न घटले नाही. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारणाच्या जाहिराती विकणाऱ्या स्टर या संस्थेने जानेवारी २०२० पासून माग काढणाऱ्या कुकी सोडल्या, आणि त्यानंतरच्या महिन्यांत तिचे उत्पन्न आदल्या वर्षाहून वाढले. त्या संस्था मोठ्या आहेत आणि आपली बाजारपेठ वेगळी आहे, हे मान्य. तरी पानाच्या रकान्यात मन लावून काम करण्याआधीच वाचकाच्या रकान्याकडे धावण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय वाचकाला मिळाला पाहिजे, असे कायदा सांगतो. मराठी त्या अनुसूचीत आहे, कोकणीही आहे. तेव्हा संमतीची चौकट सोप्या मराठीत लिहा, ‘नको’ म्हणण्याचे बटण ‘हो’ इतकेच ठळक ठेवा, आणि ‘नको’ म्हटल्यावर मॉड्यूल खरोखर थांबते का ते तपासा. अधिसूचनेनुसार मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. मराठी प्रकाशकांनी तोवर वाट पाहू नये. याच आठवड्यात आपल्या तंत्रज्ञाशेजारी बसून ती फाइल उघडावी, आणि परवानगीची ओळ लिहून होईपर्यंत मॉड्यूल बंद ठेवावे.