आधी तूट कुठे आहे ते पाहा

पावसाळा लागला की औषधांच्या दुकानात इम्युनिटी वाढवणाऱ्या गोळ्यांची रांग पुढे येते. क जीवनसत्त्व, झिंक, शिवाय एखादा काढा. या सगळ्यामागचं गृहीतक असं की शरीराला पोषकद्रव्यं जितकी जास्त, तितकी प्रतिकारशक्ती जास्त. पुरावा मात्र वेगळं सांगतो. पोषकद्रव्यं तूट भरून काढतात. तूट नसेल तिथे त्यांचं काम फारसं उरत नाही. क जीवनसत्त्वावरच्या अनेक चाचण्या कॉक्रेनच्या आढाव्यात एकत्र तपासल्या, तेव्हा सर्वसामान्य माणसांना रोज गोळी घेऊन सर्दी कमी वेळा झाली असं दिसलं नाही. दुखणं थोडं लवकर आटोपलं, एवढंच. फायदा दिसला तो मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशांना.

तूट असेल तेव्हा काय होतं, हे झिंकच्या कथेत दिसतं. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद 1960च्या सुमारास इराणमध्ये शिराजला काम करत होते. तिथे एकवीस वर्षांचा एक तरुण त्यांच्यापुढे आला, दिसायला जेमतेम दहा वर्षांचा. आहार जवळजवळ फक्त गव्हाची, न आंबवलेली रोटी, आणि माती खाण्याची सवय. अशी खुंटलेली मुलं बहुधा पंचविशीही गाठत नसत आणि जात ती संसर्गाने, अशी प्रसाद यांची नोंद आहे. धान्यातलं फायटेट झिंक आणि लोह दोन्ही धरून ठेवतं, त्यामुळे ताटात असलेलं अंगी लागत नाही. आपल्याकडे मटकीला मोड आणतात, आंबोळीचं पीठ आंबवतात, त्याने हे फायटेट कमी होतं. जाहिरातीत हे कधी येत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

कोणी म्हणेल, जुलाब झालेल्या मुलांना डॉक्टर झिंक देतातच की. देतात, आणि द्यायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची 2004 पासून तशी शिफारस आहे. पण त्या आजारात झिंक शरीराबाहेर जातं, म्हणजे पुन्हा तूटच. दुसरा आक्षेप : जास्तीची गोळी घेतली तर बिघडतं कुठे? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांना बीटा कॅरोटिन दिलं. 1994 साली निष्कर्ष आले, तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. झिंकही दीर्घकाळ भरमसाट घेतलं तर तांब्याची कमतरता होते.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : रोजच्या जेवणाने सगळं भागतं का? नाही भागत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमधलं रक्तक्षयाचं प्रमाण 2015-16 मध्ये 48 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 54 टक्क्यांवर गेलं. हिमोग्लोबिन सातवर आलेल्या गरोदर बाईला बीट आणि गूळ खा म्हणणं हा चक्क निष्काळजीपणा आहे. तिला औषधच हवं. त्यातही रक्तक्षय म्हणजे केवळ लोहाची उणीव नव्हे. बी-12, जंत, सिकलसेल अशी कारणं असतात, म्हणून तपासणी आधी. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या चहासोबत घेतल्या तर चहातलं टॅनिन लोह अडवतं, लिंबूपाण्यासोबत घेतल्या तर शोषण वाढतं. पोळी-भाजीवर लिंबू पिळणं आणि जेवणानंतरचा चहा तासभर लांबवणं यालाही हाच हिशेब लागू पडतो.