परदेशस्थांचे मत

सेवाग्रामला गेले की आपल्याला चरखा आठवतो, मतपत्रिका नव्हे. वास्तविक १९३६ साली वर्ध्याजवळच्या या खेड्यात वस्तीला आलेल्या गांधींनी १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत 'नाताळ इंडियन काँग्रेस' स्थापिली, ती तेथील भारतीयांचा मताधिकार काढून घेऊ पाहणाऱ्या विधेयकामुळे.

स्थलांतरितांच्या मताचा प्रश्न इटलीने निराळ्या रीतीने सोडविला. २००१ च्या कायद्याने परदेशस्थ नागरिकांना टपाली मत मिळाले, २००६ पासून संसदेत त्यांचे स्वतंत्र प्रतिनिधी बसू लागले. आज या जागा १२ आहेत. त्यांतूनच दक्षिण अमेरिकेतील इटालियनांचे छोटे पक्ष उभे राहिले. आपल्याकडे २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थ नागरिकाला मत दिले. पण वर्ध्याच्या मतदाराने ते द्यायला वर्ध्याच्याच केंद्रावर यायचे!

ज्याला कायद्याची झळ लागत नाही त्याने कायदे का करावेत, हा आक्षेप आम्हांला रास्त वाटतो. नाताळची लढाई राहत्या भूमीतील हक्कासाठी होती; इटलीतील जागा सोडलेल्या भूमीत आहेत. म्हणून राखीव जागा नकोत, टपाली मत मात्र हवे. नागरिकत्व कायम ठेवून मताची वाट अडविणे अप्रामाणिकपणाचे आहे.

स्थलांतरितांचे साहित्य शिकविताना आम्ही त्यांची घरओढ शिकवितो, नागरिकत्व वगळतो. हे वाचन अपुरे आहे.