फडावर भरणारे दिवस

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा भागातल्या वाड्या-तांड्यांवर बांधाबांध सुरू असेल. साखर कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, त्यामुळे ऊसतोड मजुरांच्या कित्येक टोळ्या सण उरकायच्या आतच सांगली-कोल्हापूरकडे, बेळगावकडे निघतात. त्यांत पोटुशा बाया असतात, तान्ह्या लेकरांच्या आयाही. यंदाचा अंक त्यांच्यासाठी राखला आहे.

आपल्या राज्याचे आकडे तसे मिरवण्याजोगे आहेत. 2018-20 या काळात लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू, म्हणजे केरळच्या खालोखाल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार जवळपास 95 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. त्याच पाहणीत राज्यातल्या सुमारे 46 टक्के गरोदर बायांना रक्तक्षय आढळला, ते मात्र कोणी मिरवत नाही.

उसाच्या फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या कष्टांवर, हिशेब मात्र टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नवऱ्याशी. पहाटे तीन-चारला उठून भाकरी बडवायची, दिवसभर तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, गाडी लागली की तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचे. आठवा लागला तरी हेच. एक दिवस कोपीवर, म्हणजे झोपडीत, थांबली तर खाडा: मजुरी बुडतेच, वर दंड उचलीत चढतो. तपासणीला जायचे कधी? माहेरी सव्वा महिना बाजेवर राहिली असती ती बाळंतीण इथे काही दिवसांतच पुन्हा फडात दिसते.

2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीडच्या 82 हजारांवर ऊसतोड बायांची माहिती आली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. राज्यभर गहजब झाला, तो व्हायलाच हवा होता. पण पिशवी भरलेली असताना या बाईचे काय होते, ते विचारायला फारसे कोणी गेले नाही.

गिरणीतल्या बाईसाठी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब आंबेडकर बोलले, आणि पुढच्या वर्षी प्रसूती लाभाचा कायदा झाला. 2017 पासून नोकरदार बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. फडावरच्या बाईने रजा मागायची कोणाकडे, कारखान्याकडे की मुकादमाकडे? दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. गावच्या आशाताईच्या वहीत तिचे नाव असते, अंगणवाडीचा आहारही गावच्या यादीवर येतो, आणि ती असते दोन-तीनशे किलोमीटर लांब.

कुठल्या फडात कुठली टोळी आहे, हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याला, रोज ठाऊक असते. उसासाठी ठेवली जाणारी ही माहिती दर आठवड्याला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळावी, आणि गाळप परवाना देताना साखर आयुक्तालयाने तशी अट घालावी, एवढीच आमची मागणी आहे.