बाईची सांधेदुखी मोजणार कोण?

मुळशीत भातलावणीच्या दिवसांत बचतगटाची बैठक असली की बायकांच्या बोलण्यात दुखणं येतंच. बोटं सुजलीत, सकाळी मूठ वळत नाही. घरचं उत्तर ठरलेलं : चिखलात राबलं की वात धरणारच! पण प्रत्येक दुखणं चिखलाचं नसतं. दोन्ही हातांचे सांधे सुजून सकाळी तासभर आखडत असतील, तर तो आमवात असू शकतो. यात शरीराची रोगाशी लढणारी शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पट अधिक होतो.

पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांचं संशोधन म्हणूनच आपल्या कामाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाखाली १९९६ मध्ये त्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघरी पाहणी सुरू केली. दवाखान्यात बसून रोगी मोजले, तर दवाखान्यापर्यंत न पोचणारी बाई मोजलीच जात नाही. इथे प्रशिक्षित स्वयंसेवक दारात गेले. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना सांध्या-स्नायूंचं दुखणं होतं आणि साधारण दोनशेंत एकाला आमवात.

‘दोनशेंत एक? आधी रक्तक्षयाचं बघा,’ असं आपल्यातल्याच काहीजणी म्हणतील. पण आमवातात वेळ दवडला की सांधा कायमचा वाकडा होतो. मग लावणीची मजुरी बुडते, आणि हातानं काम होत नाही म्हणून सुनेला माहेरी धाडलं जातं. मेथोट्रेक्सेटसारखं जुनं, स्वस्त औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. मात्र रक्ततपासणी करत राहावी लागते, आणि गरोदरपणात ते चालत नाही. म्हणजे मूल कधी हवं, हे डॉक्टरांनी नवऱ्याला नव्हे, तिला विचारलं पाहिजे.

कायद्याचंही तेच. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आमवाताचं नाव नाही. हात कायमचे निकामी झाले, तरच हालचालीच्या अपंगत्वाचा दाखला. म्हणजे बाई मोडल्यावरच तिची नोंद!

मैत्रिणींनो, घरोघर जाणं आपल्याला नवं नाही. बचतगटाच्या बैठकीत चारच प्रश्न विचारू : कुठले सांधे, सूज आहे का, सकाळी किती वेळ आखडतात, किती आठवडे झाले? ती यादी घेऊन पौडच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊ आणि संधिवाताच्या ठरावीक दिवसाची, मोफत तपासणीची आणि औषधाची मागणी करू. ‘वात आहे, चालायचंच’ हे ऐकून परत यायचं नाही.