हत्यारें आधीं कीं काम आधीं?

सुशिक्षित घरांतून हल्लीं सुतारकामाचा छंद वाढीस लागला आहे. कोणी गॅलरीच्या कोपऱ्यांत जुनें टेबल मांडतो, कोणी मोटार ठेवण्याच्या जागेंत. त्यांत शाळकरी मुलगे व मुली आहेत, तसे नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थहि आहेत. आम्ही हें सुचिन्ह समजतों. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवांचून दुसरें हत्यार कोणीं हातीं धरलें नाहीं, तेथें करवतीचा आवाज ऐकूं यावा यांत कमीपणा मुळींच नाहीं. ‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ शब्दापासूनच निघालेला आहे. शब्दाची ओळख होतीच, आतां वस्तूचीहि होत आहे.

परंतु या छंदाचा आरंभ बहुधा बाजारांत होतो आणि पुष्कळदां शेवटहि तेथेंच होतो. चाळीस हत्यारांची पेटी एकदम घरीं येते. हल्लीं तर दुकानाची पायरीहि चढावी लागत नाहीं. मुलगा उत्साहानें पटाशी लांकडाला लावतो. ती कापीत नाहीं, नुसती लांकूड फाडते. चार दिवसांत पेटी माळ्यावर जाते, आणि वडीलधारी माणसें म्हणतात, “आपल्या घराण्याचा हा पिंड नव्हे.” पैसे गेल्याचें दुःख थोडें, पण हा निकाल मुलाच्या मनांत जन्मभर राहतो, आणि तो खोटा असतो. अपराध पटाशीचा, शिक्षा मात्र मुलाच्या हाताला! आम्हीं हयातभर शाळेंत शिकविलें. बोथट पेन्सिल घेऊन आलेल्या मुलाला ‘तुझें अक्षर वाईट’ असें म्हणण्यापूर्वीं आम्ही त्याला टोंक करावयास लावीत असूं. येथेंहि न्याय तोच आहे.

म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, काम आधीं ठरवावें व हत्यारें त्याच्या मागून आणावीं. आरंभास साधा पाट घ्यावा. एक फळी व तिच्याखालीं दोन आडव्या पट्ट्या, एवढेंच काम. त्याला काय लागतें? एक पोलादी पट्टी, एक गुण्या, एक करवत, एक रंधा, स्क्रूंसाठीं एक गिरमिट व एक पेचकस. आणि या सर्वांबरोबर धार लावण्याचा दगड. पटाशीची गरज पुढच्या कामांत, खांचा पाडतांना लागेल. तेव्हां ती घ्यावी. पुण्याच्या बोहरी आळींत किंवा मुंबईस नागदेवीच्या रस्त्यावर हें सर्व मिळतें.

दगडाचा खर्च पुष्कळांस व्यर्थ वाटतो. त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, नवी पटाशी किंवा रंध्याचें नवें पातें बहुधा नुसतें घांसून उतार देऊन विकलेलें असतें. त्याला कामाची धार आपणच लावावयाची असते. उतार सुमारें २५ अंशांचा असतो व अगदीं टोंकाशीं धार ३० अंशांवर लावतात. पात्याची सपाट पाठ आधीं दगडावर सारखी करून घ्यावी. मग उताराची बाजू घांशीत जावें, तों पाठीकडे बोटाला बारीक तार लागूं लागेल. ती तार पाठीवरून हलकेच काढली म्हणजे धार तयार झाली.

जुन्या बाजारांतील हत्यारें स्वस्त मिळतात व कित्येकदां नव्यांहून सरस असतात. मात्र परीक्षा करून घ्यावीं. धारेजवळ निळसर डाग असेल तर तें पातें कोणीं तरी घांसतांना फाजील तापविलें आहे व साध्या पोलादाचें पाणी तेथें उतरलें आहे असें समजावें. कानस हलकेच ओढून पाहावी. घसरली तर पोलाद कठीण, रुतली तर मऊ. गुण्याची परीक्षा तर भूमितीचा धडाच आहे. सरळ कडेच्या फळीवर गुण्या लावून एक रेघ ओढावी, मग तो उलटा करून त्याच जागीं दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर गुण्या खरा. फांकल्या तर जेवढें अंतर दिसेल त्याच्या निम्मी त्याची चूक.

मापांविषयीं एक सूचना. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीं झाला; त्यापूर्वींचीं हत्यारें इंचांचीं आहेत. अर्ध्या इंचाची पटाशी १२.७ मिलिमीटरांची, ती १२ मिलिमीटरांच्या खांचेंत जाणार नाहीं. वखारींत मात्र लांकडाचा भाव अद्यापि घनफुटानेंच चालतो. सहा फूट लांब, आठ इंच रुंद व एक इंच जाड फळी म्हणजे ५७६ घन इंच; घनफुटाचे घन इंच १७२८; म्हणून ती बरोबर एक तृतीयांश घनफूट झाली. हा हिशेब मुलांकडून घरींच करवून घ्यावा व मग वखारींत जावें. लांकूड मात्र वाळलेलेंच घ्यावें. ओलें लांकूड रुंदींत आकसतें, लांबींत जवळजवळ नाहीं. यामुळें आडव्या पट्ट्यांनीं जखडलेली ओली फळी पुढें तडकते आणि नवशिक्याला वाटतें, आपलेंच चुकलें.

विजेचीं यंत्रें हाताला सवय झाल्यावर आणावीं. तीं चालवितांना डोळ्यांवर जाड चष्मा असावा. मोकळे केस, ओढणी, पदर, बांगड्या व सैल बाह्या दूर असाव्यात. फिरत्या यंत्राशीं हातमोजेहि घालूं नयेत. ते गुंतून हात आंत ओढला जातो.

शेवटीं, या विद्येचे खरे गुरु आपल्या दारीं कामाला येतच असतात. सुतार मिस्त्री घरीं आले म्हणजे त्यांस नुसता चहा देऊन आंत निघून न जातां मुलांना जवळ बसवावें. पहिल्या खरेदीस त्यांनाच बरोबर न्यावें, आणि त्यांचा जो वेळ मोडेल त्याची मजुरी त्यांच्या नेहमींच्या दरानें द्यावी. शिकवणीच्या मास्तरांना आपण फी देतों, मग या मास्तरांस कां देऊं नये? मुलाच्या हातचा पाट जेव्हां पंक्तींत मांडला जाईल, तेव्हां तो किंचित् डुगडुगला तरी चालेल. खालीं कागदाची घडी घालावी, आणि पुढचें काम काय तें त्याला विचारावें.